पियानो वाजवताना मनगट परत परत दुखतंय? आधी खुर्ची बघा, मग खांदा, मनगट शेवटी

मनगट दुखायला लागतं, चार दिवस वाजवणं बंद ठेवतो, बाम चोळतो, क्रेप बँडेज गुंडाळतो, बरं वाटतं, परत बसतो आणि आठवड्याच्या आत त्याच जागी तेच दुखणं परत हजर. ज्यांचं हे चक्र सुरू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. मी बेळगावात पेटी आणि पियानो दोन्ही शिकवते, खानापूर, निपाणी, चिकोडीकडूनही मुलं येतात, मोठी माणसंही येतात, आणि हाच प्रश्न इतके जण विचारतात की एकदा सगळं सविस्तर एका जागी लिहून ठेवलेलं बरं. पोस्ट लांब झालीय, घाईत असाल तर निदान बैठकीचा भाग वाचा कारण बऱ्याच जणांचं दुखणं तिथंच सापडतंय.

त्याच्याही आधी एक. हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, रात्री दुखण्यानं जाग येते, मनगटाला सूज आहे, हातातून कप निसटतो, अशातलं काहीही असेल तर ही पोस्ट बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा, मग ते सांगतील तसं फिजिओथेरपी. अंगठा, तर्जनी, मधलं बोट इथं मुंग्या येत असतील तर मनगटातली एक नस दाबली जात असू शकते, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात येत असतील तर कोपराकडची दुसरी नस. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ मारत असेल तर तो अंगठ्याच्या स्नायुबंधांचा त्रास असू शकतो. यातलं नेमकं काय आहे ते घरी बसून ठरवायचं नसतं, आणि पेनकिलर घेऊन रियाजाला तर अजिबात बसायचं नाही, दुखणं कळेनासं होतं आणि आपण त्याच जागेवर अजून ताण देत राहतो. मनगटाला बँडेज बांधून वाजवणंसुद्धा बंद करा. मनगट हलेनासं झालं की त्याचं काम बोटं आणि कोपर करायला लागतात आणि दोन दिवसांनी तिथं दुखायला लागतं.

आता ज्यांना असलं काही नाही, फक्त वाजवलं की दुखतंय आणि थांबलं की राहतंय, त्यांचं बघू.

विश्रांतीनं बरं वाटतं ते खरंच आहे, पण तुम्ही परत बसता तेव्हा त्याच खुर्चीवर, त्याच उंचीवर, तोच खांदा वर करून बसता, मग दुखणं परत येणारच की. सुट्टीनं दुखणं उतरतं, सवय उतरत नाही. मी विचारते, दुखायच्या आधी काय बदललं होतं, तर बहुतेक वेळा उत्तर असतं की नवीन कीबोर्ड घेतला, किंवा परीक्षा जवळ आली म्हणून रोजचा वेळ दुप्पट केला, किंवा गणपतीत कार्यक्रम होता. यातलं एक तरी असतंच.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे. इथं जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात पेटीवर होते. घरात आजोबांची पेटी असते, गल्लीत भजनी मंडळ असतंय, शिवाय पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीचे मोठे गुरू याच गावात शिकवून गेले, त्यामुळं पेटी ही इथं घरातलीच गोष्ट आहे आणि याचा मला फार अभिमान आहे. पण पेटी आणि पियानो दिसायला सारखे असले तरी हाताला वेगळे आहेत. पेटीत आवाज भात्यातून येतो, पट्टी तुम्ही हळू दाबा नाहीतर जोरात दाबा, आवाज तेवढाच, आणि पट्टी दाबून धरली तरच सूर टिकतो. पियानोत उलटं आहे. तिथं पट्टी किती वेगानं खाली गेली त्यावर आवाज लहानमोठा ठरतो, पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते, तळाला टेकायच्या किंचित आधीच आतली हातोडी सुटून तारेकडे गेलेली असते, आणि त्यानंतर तुम्ही कितीही जोर लावा, आवाजात काडीचाही फरक पडत नाही. पेटीवर वाढलेला हात हा सूर धरून ठेवायला, भरीव करायला आपोआप दाबत राहतो. पियानोची पट्टी खाली नेऊन धरायला साधारण 50 ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं आणि आपण तिथं अख्ख्या हाताचा जोर लावून बसलेलो असतो, दर सुराला, तासभर. मनगट दुखणार नाही तर काय होणार.

यात मधली पायरी म्हणजे 61 पट्ट्यांचा हलका कीबोर्ड. त्याच्या पट्ट्या स्प्रिंगवरच्या, त्यावर दोन वर्षं शिकून मुलगा एकदम 88 वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोवर किंवा बेळगावच्या कॅम्पातल्या एखाद्या कॉन्व्हेंटच्या जुन्या पियानोवर परीक्षेची तयारी करायला बसतो, आणि आवाज येईना म्हणून बोटांनी ठोकायला लागतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, त्या दमट हवेत खऱ्या पियानोतलं लाकूड आणि फेल्ट फुगतं, पट्ट्या जड होतात, काही तर खाली गेल्या की वर यायचं नाव घेत नाहीत. अशा वेळी मुलाला जोर लाव म्हणू नका, पियानो दुरुस्त करणाऱ्याला बोलवा.

कुठं बिघडलंय ते शोधायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे फोन. बाजूला एका खुर्चीवर फोन टेकवून ठेवा, कॅमेऱ्यात डोक्यापासून पावलापर्यंत सगळं दिसलं पाहिजे, आणि तुम्हाला नीट येणारा तुकडा वाजवा, मग ज्या तुकड्यात दुखतं तो वाजवा. दुखेल इतका वेळ नको, अर्धा मिनिट बास. मग आवाज बंद करून व्हिडिओ बघा. आवाज बंद करणं महत्त्वाचं आहे कारण आवाज असला की आपण चुकलेले सूर मोजत बसतो आणि शरीराकडे लक्षच जात नाही. खांदा कानाकडे सरकतोय का, कोपर पट्ट्यांच्या खाली लोंबतंय का, मनगट खचलंय का वर उचललंय, हनुवटी पुढं निघालीय का, श्वास थांबलाय का, जबडा आवळलाय का. अवघड जागा यायच्या एक क्षण आधी काय होतं ते खास बघा, तिथंच सगळं सापडतं.

बैठक

मी कुणाच्या घरी गेले की आधी पियानो बघत नाही, बसायला काय आहे ते बघते. आपल्या घरांत कीबोर्ड कुठं ठेवलेला असतो सांगू? डायनिंग टेबलावर, नाहीतर कॉटवर. डायनिंग टेबल असतं साधारण 75 सेंटिमीटर उंच, त्यावर कीबोर्डची जाडी 10 सेंटिमीटर धरा, म्हणजे पट्ट्या 85 च्या आसपास गेल्या. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून 72 ते 74 सेंटिमीटरवर असतात. म्हणजे तुम्ही अकरा-तेरा सेंटिमीटर जास्त उंचीवर वाजवायलाय, आणि बसायला तीच प्लॅस्टिकची खुर्ची, जी मागच्या बाजूला उतरती असते. मग काय होतं, कोपर पट्ट्यांच्या खाली जातं, हात वर पोचवायला खांदा उचलला जातो, मनगट मागं वाकतं आणि त्या वाकलेल्या मनगटातून बोटांच्या दोऱ्या, म्हणजे बोटं हलवणारे स्नायुबंध, वाजवताना सतत घासत राहतात. कॉटवर कीबोर्ड ठेवून समोर मांडी घालून बसणाऱ्यांचं याच्या उलट होतं, पट्ट्या खूप खाली, पाठीला पोक, मनगट पुढं मोडलेलं.

उंचीचा हिशोब असा. नीट बसा, दंड सैल सोडा, कोपर अंगाच्या बाजूला आपोआप लोंबू दे, आता फक्त कोपरातून हात उचलून पट्ट्यांवर ठेवा. कोपराचा खालचा भाग पांढऱ्या पट्ट्यांच्या पातळीला किंवा बोटभर वर आला पाहिजे. खाली येत असेल तर खुर्ची उंच करा. त्यासाठी फोमची उशी घेऊ नका, ती दबते आणि तुम्ही डुगडुगत राहता. जाड सतरंजी घडी करून, किंवा जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा दोरीनं घट्ट बांधून त्यावर चादर, किंवा सुताराकडून फळी कापून घ्या, काहीतरी कडक पाहिजे. स्टँड घेणार असाल तर उंची बदलता येणारा घ्या, आणि घरात दोघं वाजवत असतील, बाप-लेक किंवा बहीण-भाऊ, तर प्रत्येकाची खूण करून ठेवा, नाहीतर धाकटा थोरल्याच्या उंचीवर वाजवत बसतो.

मुलांचे पाय. हे फार दुर्लक्षित आहे म्हणून जरा थांबून सांगते. खुर्ची उंच केली की लहान मुलाचे पाय लोंबायला लागतात, आणि पाय लोंबत असले की ते मूल तोल सांभाळायला मांड्या आणि कंबर आवळून धरतं, तो ताण पाठीतून सरळ खांद्यात येतो. पायाखाली काहीतरी टेकू द्या. पाट चालतो, दोन पाट एकावर एक चालतात, विटांवर फळी टाकली तरी चालतं. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे, नुसते चवडे नाही. मोठ्यांनीसुद्धा पाय खुर्चीच्या खाली मागं ओढून अडकवायचे नाहीत, दोन्ही पावलं समोर जमिनीवर, पेडल वापरताना टाच जमिनीला टेकलेली.

आणि खुर्चीत मागं रेलून बसू नका, पुढच्या अर्ध्या भागात बसा. बुडाखाली तळहात घाला, दोन्ही बाजूंना एकेक टोकदार हाड हाताला लागेल, पुढं-मागं झुलून बघा म्हणजे स्पष्ट कळतं. त्या दोन हाडांवर बसायचं. त्यांच्या मागं गेलात की पोक येतं, फार पुढं ताणलात की कंबर दुखते. अंग पुढं न्यायचं असेल तर कमरेतून वाकू नका, मांडीचा सांधा जिथं आहे तिथून पुढं या, तो सांधा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच खाली असतो, पँटच्या पट्ट्याजवळ नाही, जांघेत. वरच्या आणि खालच्या टोकाच्या पट्ट्यांपर्यंत जाताना या हाडांवरून अख्खं अंग झुलू द्या, नुसता हात ताणू नका.

हात सुरू कुठून होतो

कुणालाही विचारा, हात कुठून सुरू होतो, तर तो खांद्याचा गोल भाग दाखवतो. तिथून नाही. गळ्याच्या खाली मधोमध जी खोलगट जागा आहे तिथं बोट ठेवा, त्याच्या दोन्ही बाजूंना कॉलरबोनची गोल टोकं लागतील. आता उलट्या हाताचं बोट त्या टोकावर ठेवून खांदा वर-खाली, पुढं-मागं करा. बोटाखाली हाड हलतं की नाही? अख्ख्या हाताचा धडाशी हाडाला हाड जोडलेला सांधा हा एवढाच आहे, पाठीवरचं पातं तर नुसतं स्नायूंवर तरंगतंय. म्हणजे हात गळ्यापासून सुरू होतो. हे ज्याला कळलं तो खांदा घट्ट धरून नुसत्या कोपरापासून वाजवत नाही.

अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत चेलो शिकवणारे विल्यम कोनेबल यांच्या हे 1970 च्या दशकात लक्षात आलं. विद्यार्थी आपल्या शरीराची जी रचना मनात धरून असतो, तसाच तो हलतो, मग ती खरी असो वा चुकीची. त्यातून बॉडी मॅपिंग नावाची पद्धत निघाली, तिच्या मागं अलेक्झांडर टेक्निक, म्हणजे अंगातला नकोसा ताण ओळखून सोडायची पद्धत आहे, आवाज बसलेल्या एका नटानं, एफ. एम. अलेक्झांडर (1869-1955) यांनी, आरशासमोर स्वतःला बघून बघून शोधलेली. मला स्वतःला ही माणसं फार महत्त्वाची वाटतात, कारण व्यायाम वाढवायच्या आधी त्यांनी बघायला शिकवलं.

माझ्याकडे दहावीतली एक मुलगी आहे, पेटी उत्तम वाजवायची, नाट्यगीतं तर अगदी ऐकत बसावं अशी. पियानोवर मात्र उजव्या मनगटाला कळ यायची. तिची आई म्हणाली, "टीचर, अभ्यासाचं लिहून लिहून झालं असेल." असेलही, पण मी तिला नुसतं बसवलं, हात मांडीवर, आणि म्हटलं वाजवायचं नाही, फक्त वाजवायचा विचार कर. हात मांडीवरून निघायच्या आधीच उजवा खांदा बोटभर वर गेला. डावा तिथंच. पेटी वाजवताना डावा हात भात्यावर असतो, उजवा हात तिरका पुढं येतो आणि धड किंचित वळलेलं असतं, तेच वळण घेऊन ती पियानोवर बसत होती, म्हणजे उजवा खांदा सुरुवातीपासूनच पुढं आणि वर. मी तिला खांदा खाली कर असं म्हटलं नाही, तसं म्हटलं की मुलं खांदा खाली दाबून धरतात आणि तो नवीन ताण होतो. तिच्या डाव्या हाताचं बोट गळ्याजवळच्या त्या हाडावर ठेवायला लावलं आणि म्हटलं, हे हाड हलू दे पण हात उचलायच्या आधी हलू नको देऊ. हात मांडीवरून पट्टीवर, पट्टीवरून मांडीवर, एकही सूर न वाजवता. कंटाळली ती, पण केलं. मग एक सूर. मग पाच. मनगटाला मी हातसुद्धा लावला नव्हता आणि तिथली कळ हळूहळू कमी होत गेली.

कोपर ते मनगट

इथं दोन हाडं आहेत. तळहात वर असताना ती शेजारी-शेजारी असतात, तळहात खाली वळवला की अंगठ्याच्या बाजूचं हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून आडवं जातं. करंगळीकडचं हाड जागेवर राहतं, फिरतं ते अंगठ्याकडचं. टेबलावर हात ठेवून बघा, तळहात वर, आता करंगळीची कड जागेवर ठेवून अंगठा फिरवत तळहात खाली आणा. असा आणलेला हात सरळ रेषेत असतो. बरेच जण उलट करतात, अंगठा जागेवर धरून हात फिरवायला बघतात, मग पंजा करंगळीच्या दिशेला वाकतो आणि तसाच वाकलेला राहतो. हा तिरकेपणा मनगटाच्या दुखण्याचं मोठं कारण आहे. व्हिडिओ वरून काढलात तर लगेच दिसेल.

अंगठा आखूड आहे म्हणून तो पांढऱ्या पट्टीच्या कडेला आणायला आपण पंजा वाकवतो. त्याऐवजी अख्खा हात थोडा आत, काळ्या पट्ट्यांच्या दिशेला न्या. प्रसिद्ध पियानोवादक-रचनाकार शोपँ आपल्या शिष्यांना पहिल्यांदा सी मेजर, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची सरगम, देत नसे, तो पाच बोटं ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी यांवर ठेवायला लावायचा, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात. लांब बोटं काळ्यांवर, आखूड अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर, हात आपसूक सरळ. आपल्या पेटीवाल्या मुलांना तर हे लगेच जमतं कारण काळी चारमध्ये वाजवायची त्यांना सवयच असते, पांढरी एकपासूनच शिकलेल्यांना जरा वेळ लागतो. रोज सुरुवात या पाच सुरांवर करा, हळू, आणि प्रत्येक सुरानंतर थांबून दुसऱ्या हातानं वाजवणाऱ्या हाताचं मनगट धरून हलवून बघा. सूर धरलेला असतानाही मनगट पाळण्यासारखं सैल झुललं पाहिजे. घट्ट लागलं तर तुम्ही तळाला दाबून बसलाय. जोर सोडत जा, इतका की पट्टी वर येईल न येईल, तिथं थांबा, सूर टिकवायला तेवढंच लागतं.

बोटांबद्दल थोडं, कारण यावरून गैरसमज फार आहेत. बोटांत स्नायू नसतात. बोटं हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या हातात असतात, तिथून दोऱ्या मनगटातून बोटांत जातात. डावा पंजा उजव्या कोपराखाली ठेवा आणि उजवी बोटं हलवा, हाताखाली हालचाल कळेल. म्हणून "बोटं मजबूत करा" म्हणून ते स्प्रिंगचं यंत्र दाबत बसायचं काही कारण नाही. करंगळीशेजारचं बोट वेगळं उचलता येत नाही म्हणून कित्येक जण बाकीची बोटं दाबून धरून ते ओढत बसतात, तेही बंद करा. त्या बोटाच्या मागच्या दोऱ्या शेजारच्या बोटांच्या दोऱ्यांना जोडलेल्या असतात, ते फार उचललं जाणारच नाही, रचनाच तशी आहे. ते बोट वाजवायचं तर त्या बाजूला हात किंचित वळवायचा, बोट आपोआप खाली येतं.

जबरदस्तीचं काय होतं याची उदाहरणं फार मोठ्या माणसांची आहेत. रॉबर्ट शुमान (1810-1856) तरुणपणी बोटांसाठी एक यांत्रिक साधन वापरत होता, त्याचा उजवा हात अधू झाला आणि पियानोवादक व्हायचं सोडून तो रचनांकडे वळला. त्याच्या दुखण्याच्या खऱ्या कारणावर अजून वाद आहे, पण ते साधन तुम्ही करून बघू नका. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर (1928-2020) यांचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1960 च्या दशकात त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आपोआप आत वळायला लागलं. पुढची कित्येक वर्षं ते डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले, आणि 1990 च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा उपयोग होऊन दोन्ही हातांनी परत वाजवायला लागले. या आजाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात आणि त्यात बहुतेकदा दुखतच नाही. म्हणून बोट तुमचं न ऐकता वळत असेल, फक्त वाजवतानाच, तर रियाज वाढवून ते सुधारणार नाही, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

मान. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, ते मणक्यावर दोन कानांच्या मधोमध तोलून बसलेलं असतं. फोनवर नोटेशन उघडून तो पट्ट्यांवर आडवा ठेवला की ते सगळं वजन पुढं लटकतं आणि मानेचे, खांद्याचे स्नायू ते धरून ठेवतात. नोटेशन डोळ्यांच्या पातळीला आणा, प्रिंट काढा, दहा-वीस रुपयांचं काम आहे. चष्मा दोन भिंगांचा असेल तर हनुवटी वर करून खालच्या भिंगातून बघायची सवय लागते, वयस्कर लोकांमध्ये हे फार दिसतं, चष्मेवाल्याला सांगून फक्त त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या.

किती आणि कधी

सलग वीस-पंचवीस मिनिटं, मग उठा. उठा म्हणजे खरंच उठा, पाणी प्या, अंगणात जाऊन या, फोन घेऊन बसू नका कारण फोनवर अंगठा तेच काम करत राहतो. अवघड जागा एकाच बैठकीत पन्नास वेळा घासू नका, थोडी सकाळी थोडी संध्याकाळी करा. गणपती आणि परीक्षा, या दोन वेळांना आपल्याकडे सगळे एकदम तास वाढवतात, ते एक महिना आधीपासून हळूहळू वाढवा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हात गार असतात, कोमट पाण्यात दोन मिनिटं धरा, दंड फिरवा, घरात चार फेऱ्या मारा आणि मग बसा. गार हातानं जलद सराव नको.

पियानोवरचा एक सप्तक म्हणजे सा ते वरचा सा, साधारण साडेसोळा सेंटिमीटर. लहान हाताच्या मुलाला, आणि बऱ्याच बायकांनासुद्धा, तो कसाबसा पोचतो. ताणून धरलेल्या पंज्यानं जलद वाजवणं ही दुखण्याची खात्रीच समजा. खालचा सूर सोडून द्या, किंवा सूर एकामागून एक वाजवा. टीचरला तसं सांगायला लाजू नका, चांगला टीचर ऐकतो.

दुखणं थांबल्यावर परत सुरू करताना पूर्वीच्या वेळेच्या पावपट करा, हळू आणि सोप्या गोष्टी. दोन-तीन दिवस काही झालं नाही की थोडं वाढवा. ज्या तुकड्यानं दुखलं तो सगळ्यात शेवटी. "बघू तरी अजून दुखतंय का" म्हणून पहिल्याच दिवशी तो वाजवून बघणारे खूप आहेत, कृपा करून तसं करू नका. वाजवताना दुखलं तर तिथंच थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून एक पायरी मागं या.

जे पेटीही सोडणार नाहीत, आणि सोडूही नये, त्यांच्यासाठी: बुडाखाली घडी घातलेली चादर किंवा चौरंगासारखं बुटकं काहीतरी घ्या म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतील आणि पोक जाईल. पेटी पोटाशी ओढून न धरता थोडी पुढं ठेवा. लांब बैठक असेल तर मधे मांडी बदला. भाता ओढायचा नसतो, बोटांनी हलका ढकलायचा असतो, आणि हे ज्यांना येतं त्यांचा सूरही गोड लागतो. पेटीवरून उठून लगेच पियानोवर बसू नका, मधे पाच मिनिटं घ्या, धड सरळ करा, दोन्ही खांदे आरशात बघा.

हे सगळं नीट करून तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर पियानोच्या बाहेर बघा. रोज खानापूरहून बेळगावला टू-व्हीलरवर येणाऱ्याचं उजवं मनगट ॲक्सिलरेटर पिळून तासभर मागं वाकलेलं असतं, आणि तो वाजवायला बसतो ते आधीच थकलेला हात घेऊन. दिवसभर दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करणारे, हातानं कपडे पिळणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, तबलाही शिकणारी मुलं, यांचा हात दिवसभर चालूच असतो. एका वहीत आठवडाभर लिहा, कधी दुखलं, त्याच्या आधी तासभर काय करत होता, किती वेळ वाजवलं, कुठं बसून वाजवलं, आणि ती वही आणि तो व्हिडिओ दोन्ही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. जमलं तर कीबोर्डच घेऊन जा, नाहीतर त्यांच्या टेबलावर त्याच उंचीला हात ठेवून वाजवून दाखवा. नुसतं "मनगट दुखतंय" म्हटलं तर ते मनगट बघतील, वाजवताना बघितलं तर खांदाही बघतील.